वाटीभर काढा

केवाने तापलेल्या मडक्यात बोटं घातली, मक्याचे दोन दाणे उचलून दगडावर ठेवले आणि हातातल्या दगडाने एकच ठोका दिला. दाण्यांचे पोहे झाले. साठी उलटली तरी तिची बोटं भाजत नाहीत आणि ठोका चुकत नाही. तिची लेक पेनी समोर बसून बघत होती. ती सकाळच्या बोटीने कुपांग शहराहून आली होती, आणि आल्यापासून तीनदा "आई, एक सांगायचंय" म्हणून गप्प बसली होती.

बाजूच्या चुलीवर दुसरं मडकं होतं. त्यात डोंगरावरच्या कडू झाडाची साल उकळत होती. शेजारच्या तुतोच्या नातवाला कालपासून हिवताप भरला होता, आणि दुपारी त्याला काढा प्यायला आणणार होते. केवाच्या हाताला गुण आहे, असं सगळा गाव म्हणतो. पेनी शहरातल्या प्रयोगशाळेत गेली तीही हीच साल घेऊन. आईच्या काढ्यातून गोळी करून आणीन, असं तिने जाताना धक्क्यावर चारचौघांत सांगितलं होतं.

"त्या पोराला काढा देऊ नकोस," पेनी शेवटी म्हणाली. "सालीत काही नाही, आई."

"काही नाही म्हणजे?"

"काचेच्या बशीत हिवतापाचं रक्त घेतलं. त्यात काढा घातला. जंतू मेले नाहीत. साध्या पाण्यात वाढतात तसेच वाढले."

केवाने दगड खाली ठेवला. "मडकं कुठलं घेतलं होतंस?"

"तुझंच. मांडीवर घेऊन गेले नव्हते का? सगळी बोट हसत होती."

"साल मावळतीकडची काढली असशील."

"उगवतीकडची. तूच तर काढून दिलीस."

"नीट आटवला नसशील मग. तुला कधी धीर धरवतो?"

"निम्मा होईपर्यंत आटवला. न उकळताही करून पाहिला. सर म्हणाले, दोनदा केलंस तेवढं पुरे. मी चारदा केलं, आई."

केवाने पुन्हा दाणे उचलले आणि ठोका दिला. तो तिच्या बोटावर बसला. तिने बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. पेनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिने जन्मभर आजाऱ्यांच्या उशाशी बसून काढा पाजला, तिच्या हातचा गुण पोटच्या लेकीनेच काढून घेतला होता.

"काढा जास्त घातला तर?" केवाने विचारलं.

"जास्त घालूनही पाहिला."

"म्हणजे एखाद्याला वाटीभर मिळाला, तरी..."

"तरी काही नाही."

"आणि एखाद्याला मुळीच नाही मिळाला, तर?"

"काही फरक नाही. घोटभर काय आणि मडकंभर काय. तू वाटीचंच काय धरून बसलीस?"

केवा दाराबाहेर बघत होती. अंगणात निळ्या फरशीचं एक हातभर थडगं आहे. पेनीच्या धाकट्या भावाचं, कोपोंगचं.

"तू पाच वर्षांची होतीस, तो तीन," ती म्हणाली. "दोघांनाही एकदमच ताप चढला. मडक्यात काढा उरला होता वाटीभर. तू रडत होतीस, तो गप्प पडला होता. मला वाटलं, गप्प आहे म्हणजे त्याला बरं आहे. वाटी तुला पाजली आणि त्याच्यासाठी साल आणायला डोंगरावर गेले."

पुढचं पेनीला ठाऊक होतं. वाटीचं मात्र आजवर तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईखेरीज ते कुणाला माहीतही नव्हतं.

"सत्तावीस वर्षं झाली," केवा म्हणाली. "तुला हसताना बघून बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की त्याची लाज वाटायची. त्याच्या वाटणीचं मी तुला पाजलं, असं वाटायचं."

पेनीने पुढे सरकून आईचा ठेचलेला हात आपल्या ओंजळीत घेतला. तो अजून मक्यासारखा गरम होता.

"त्याच्या वाटणीचं काही नव्हतंच, आई. नुसतं कडू पाणी होतं. मी आपली अशीच जगले."

"चारदा केलंस ना?"

"चारदा."

केवा उठली. काढ्याच्या मडक्याखालची लाकडं तिने एकेक करून बाहेर ओढली आणि राखेत विझवली.

"दुपारची वाट कशाला बघायची? तुतोच्या नातवाला आत्ताच दवाखान्यात नेऊ," ती म्हणाली. "सुई टोचताना रडेल मेलं. हात मी धरीन. माझ्या हाताला तेवढा तरी गुण असेल."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, लेकीला शिकवली आणि तिने आईचंच मडकं उपडं केलं. म्हणू देत."

मग तिने मूठभर पोहे घेतले आणि अंगणात गेली. निळ्या फरशीवर ते ठेवून ती तिथेच टेकली. पेनी दारात उभी होती. केवाने तिला हाताने जवळ बोलावलं.

"ते बशीतलं परत सांग. घोटभर काय आणि मडकंभर काय, ते. इकडे तोंड करून सांग."

पेनी थडग्याकडे तोंड करून आईशेजारी बसली.

"सावकाश सांग," केवा म्हणाली. "तीन वर्षांचा आहे तो. त्याला कळेल असं सांग."