वाकडा सहा

डेल्बर्ट कूलमनच्या तळघरातली काडतुसं तपासून संपत आली, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. रॉयस टॅकेटने भिंग खाली ठेवलं आणि डोळे चोळले.

डेल्बर्ट मार्चमध्ये वारला होता. घर विकायचं ठरल्यावर त्याच्या मुलीने, नदीनने, रॉयसला बोलावून घेतलं. जुन्या पिस्तुलांची काडतुसं ओळखून त्यांची किंमत सांगणारा त्याच्याइतका जाणकार सबंध मिसूरीत दुसरा नव्हता.

सकाळपासून तो एकेक काडतूस उचलत होता, कॅलिपरने मापत होता, बुडावर ठोकलेली अक्षरं वाचून किंमत सांगत होता. नदीन लिहून घेत होती. सील शाबूत असलेलं खोकं, चारशे डॉलर. तेच खोकं फोडलेलं, दीडशे. काही काडतुसं कुणीतरी घासून लखलखीत केली होती, ती त्याने बाजूला सारली. पितळेवरचा जुना रंग गेला की संग्राहक त्याला हात लावत नाही, एवढंच म्हणाला. नदीनला हसू आलं. ती तिनेच घासली होती, नऊ वर्षांची असताना, बाबांच्या वाढदिवसाला. डेल्बर्ट रागावला नव्हता. उलट त्याने ती कापसात गुंडाळून ठेवली होती.

शेवटी एक लहान पाकीट उरलं. नदीनने ते उचलून टाकायच्या सामानात ठेवलं.

"हे नका बघू, काका. हे नकली आहे."

रॉयसने हात पुढे केला. पाकिटावर डेल्बर्टचं बारीक अक्षर होतं. 'लष्कराच्या चाचणीचं, १९०६.' त्याखाली, 'नकली. रॉयसने तपासलंय.'

त्याने काडतूस बाहेर काढलं आणि त्याचं बूड दिव्याकडे धरलं. तिथे ठोकलेल्या सालातल्या सहाचं पोट एका बाजूने चेपलेलं होतं. त्यासाठी भिंग लागलं नाही.

नदीन आपल्या नादात सांगत होती. गेल्या वर्षी तुल्साहून एकजण हेच काडतूस बघायला आला होता आणि तीन हजार द्यायला तयार होता.

"बाबांनी दिलं नाही. म्हणाले, रॉयसने तपासलंय, मी कुणाला फसवणार नाही."

रॉयस खुर्चीत बसला. कॉफीचा कप त्याने हातात घेतला आणि तसाच परत ठेवला.

एकोणीस वर्षांपूर्वी, संग्राहकांच्या मेळाव्यात, चाळीस माणसांसमोर डेल्बर्टने हे काडतूस त्याच्या हातात ठेवलं होतं. आयुष्यातली सगळ्यात मोठी चीज सापडली म्हणून तो नवा सदरा घालून आला होता. रॉयसने सहाकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाला की हा आकडा कुणाच्या तरी गॅरेजमध्ये ठोकलेला आहे. लोक हसले. डेल्बर्टही हसला, काडतूस खिशात टाकलं, आणि त्यानंतर कुठल्याही मेळाव्याला आला नाही. एवढं नदीनला माहीत होतं.

"हे अस्सल आहे," रॉयस म्हणाला.

नदीनचं लिहिणं थांबलं.

मग त्याने बाकीचंही सांगितलं. पुढे ओहायोत एका घरी किंमत करायला गेला असताना, मेलेल्या लष्करी अधिकाऱ्याच्या पेटीत त्याला त्याच चाचणीचं एक खोकं मिळालं. कागद, शिक्का, सगळं जिथल्या तिथे. सील त्याने स्वतः फोडलं. आत वीस काडतुसं होती आणि विसांच्या बुडावर हाच वाकडा सहा. कारखान्यातला ठसाच चेपलेला असणार. परतीच्या वाटेवर या गावाचा फाटा लागला. त्याने गाडी हळू केली. काय बोलायचं ते जुळेना, म्हणून पुढे निघून गेला. पुढच्या खेपेला वळू, असं तेव्हा वाटलं होतं.

"कधीची गोष्ट?" नदीनने विचारलं.

"सहा वर्षं झाली."

नदीनने पाकीट त्याच्यापुढे सरकवलं आणि आपल्या हातातली पेन्सिल त्यावर ठेवली.

"लिहून द्या."

रॉयसने 'नकली' खोडलं. शेजारी 'अस्सल' लिहिलं. खाली सही केली, आणि सवयीने त्या दिवसाची तारीख घालू लागला.

"आजची नको, काका," नदीन म्हणाली. "तुम्हाला कळलं त्या दिवसाची घाला."

त्याने तारीख घातली. ती त्याला आठवावी लागली नाही.