जाळ्याचं दुसरं टोक

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे गुणवंतराव मास्तरांना आठवलं ते तलावाच्या पाळीवर. समोर पोचू आपल्या थोरल्या भावाला, लच्छूला, बांबूने मारत होता.

मोठं जाळं दोघांनी दोन टोकांनी ओढायचं असतं. एकाने दोरी सोडली की सगळी मासळी निघून जाते. लच्छूने आज पुन्हा दोरी सोडली होती. मध्येच थांबून तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. पोचूने शिवी दिली तसा त्याने दगड उचलून भावाच्या तोंडावर मारला. पोचूचा ओठ फाटला. मग बांबू उठला.

"सोंग करून राह्यला हा," पोचू रक्त थुंकत म्हणाला. "तलावाच्या भांडणात दोघायचीबी डोकी एकाच काठीनं फुटली, मास्तर. एकाच दिवशी. मी तीन महिन्यांत जाळं धरलं. याले काऊन दीड वर्ष लागते?"

बांबू लच्छूच्या डोक्यावर आपटला. लच्छूने हात वर केले नाहीत.

"मास्तर, तुमी थांबवा याले," त्यांची आई धुरपता चिखलात बसून म्हणाली. "तुमचं आयकते तो."

पत्र इंग्रजीत होतं. दोघांवर उपचार करणाऱ्या बाईंनी ते मास्तरांच्या पत्त्यावर पाठवलं होतं. मास्तरांनी शब्दकोश घेऊन ते चार वेळा वाचलं होतं. बाईंनी लिहिलं होतं: मेंदूतली रसायनं कशी तयार व्हावीत हे माणूस जन्माला येताना घेऊन येतो. सख्ख्या भावांनाही ते सारखंच मिळतं असं नाही. म्हणून कदाचित एक सावरला, एक नाही. दोघांचं रक्त तपासायचं आहे. थोरला मुद्दाम करत नाही, एवढं घरच्यांना आजच सांगा.

आपण बरोबर वाचलं का, याची मास्तरांना खात्री वाटली नव्हती. शिवाय 'रक्तात आहे' म्हटलं की गाव काय म्हणेल, हे त्यांना ठाऊक होतं. पोचू-लच्छूच्या धाकट्या बहिणीचं, दीपिकाचं लग्न ठरत होतं. त्यांनी पत्र शब्दकोशातच मिटून ठेवलं.

बांबू पुन्हा उठला. मास्तर चिखलात उतरले आणि त्यांनी तो धरला. तळहातात बांबूची काचर घुसली.

"तो सोंग करत नाही, पोचू. पत्र आलं होतं."

त्यांनी सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, दोनदा चुकले. पोचूने बांबू सोडला नाही, पण ओढलाही नाही.

"कधी आलं?"

"दिवाळीच्या आधी."

होळी होऊन गेली होती.

"म्हंजे माह्याच पोटातून आणलं म्हणा त्यानं," धुरपता म्हणाली.

मास्तरांनी मान खाली घातली. याच वाक्याला ते घाबरले होते.

"मंग असू द्या ना. माह्यं मी पाह्यलं असतं," ती म्हणाली. "यवढे दिवस याले मार काऊन खाऊ देल्ला?"

पोचू खाली बसला. दुपट्ट्याने तो भावाचं डोकं पुसू लागला, तर लच्छूने त्याच्या मनगटाला चावा घेतला. पोचूने हात काढून घेतला नाही. दुसऱ्या हाताने पुसत राहिला.

दुपारी मास्तरांनी पत्रासोबत आलेला छापील कागद भरायला घेतला. तळहाताला फडकं बांधलेलं होतं, अक्षर वाकडं येत होतं. नावं, वयं, दुखापतीची तारीख. संमतीसाठी पोचूने स्वतःचा आणि लच्छूकरता धुरपताने अंगठा उठवला. नववा प्रश्न होता: त्या दुखापतीनंतर डोक्याला पुन्हा मार बसला आहे काय?

त्यांनी लच्छूच्या नावापुढे 'हो' लिहिलं.

पुढे होतं: कोणाकडून?

त्यांनी पोचूचं नाव लिहिलं. मग त्या नावाखाली, त्याच रकान्यात, स्वतःचं नाव लिहिलं. लखोटा चिकटवून ते पोस्टाच्या पेटीपाशी गेले आणि तो आत पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभे राहिले.