पुढच्या दारानं

पाळी सुटल्याचा भोंगा झाला तशी आनंदीबाई भिंतीचा टेका सोडून गिरणीच्या दरवाजाच्या मधोमध येऊन उभी राहिली. पगाराचा दिवस होता. असल्या दिवशी गिरणीच्या दाराशी व्याजाच्या वसुलीला पठाण काठी घेऊन उभे राहत आणि खाणावळवाल्या नुसती जीभ घेऊन. आनंदीबाईची जीभ काठीला भारी आहे, असं अख्खं लालबाग म्हणायचं.

आज तिला भिवा हवा होता. वाण्यानं सकाळीच तोंडावर सांगितलं होतं, मागची बाकी दिल्याशिवाय तांदळाचा दाणा मिळायचा नाही. मग उद्या पंगतीला वाढायचं काय? उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात. तिच्या पोत्याचा तर तळ दिसू लागला होता. पैसे अनेकांनी थकवले होते. पण ती दात धरून होती ती एकट्या भिवावर, जणू सगळी खाणावळ त्यानंच बुडवली होती.

भिवा गिरणीत सूत कातायच्या रिंगखात्यातला. बायको गावी, म्हणून दोन्ही वेळा आनंदीबाईकडे जेवायचा. पंगतीत नव्हे. अस्पृश्याला पंगतीत कोण घेणार? आपलं जर्मनचं ताट घेऊन तो मागच्या जिन्याशी बसायचा आणि ती वरून वाढायची. पगार झाला की पैसे पायरीवर ठेवायचा. ती पाणी शिंपडून उचलायची. यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. शेजारणी नाकं मुरडतात तरी आपण त्याला उपाशी ठेवत नाही, याची तिला घमेंडच होती. मग दादरला दीक्षा घेऊन भिवा बौद्ध झाला आणि त्या दिवसापासून जिन्याशी फिरकला नाही. दोन महिन्यांचे पैसे तेवढे राहिले.

माणसं बाहेर पडू लागली. भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं गेरूनं हातभर अक्षरांत रंगवलं होतं आणि जो तो संध्याकाळच्या सभेचंच बोलत होता. त्या घोळक्यात तिला भिवा दिसला. तिनं सरळ त्याची वाट अडवली.

"पैसे बुडवूक धरम बदललंस काय रे?"

आसपासची माणसं थांबली. त्यातली निम्मी तिच्याच खाणावळीतली होती. भिवाचा चेहरा लाल झाला, पण त्यानं मान खाली घातली नाही.

"पैसे द्यायला दोनदा आलो होतो, बाई. पुढच्या दारानं. तुम्ही काय म्हणालात?"

ती काय म्हणाली होती ते तिला पक्कं आठवत होतं. दोन्ही वेळा कालवण ढवळता ढवळता, मागे वळूनही न बघता, तिनं त्याला मागल्या बाजूनं यायला सांगितलं होतं. तो आला नाही, तेव्हा तिनं ठरवून टाकलं, याला पैसे बुडवायचेच आहेत.

भिवानं खिशातून पैसे काढले आणि तळहातावर धरून तिच्यासमोर केले.

"हे घ्या. पण आता पायरीवर ठेवणार नाही. हातातून घ्यायचे."

आनंदीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घ्यावे, तर यातली किती माणसं उद्या आपल्या पाटावर बसतील? न घ्यावे, तर उद्या चूल पेटायची नाही. आपल्याच अन्नावर जगलेला माणूस आपल्याला भर रस्त्यात पेचात धरतो आहे, याचा तिला भयंकर संताप आला.

तेवढ्यात शामराव जॉबर, खात्यातला मुकादम, पुढे झाला. मोर्चात तो नेहमी सर्वांत पुढे. गेल्या वर्षी गोळीबार झाला तेव्हा तो आणि भिवा एकाच गटाराच्या कडेला, अंगाला अंग लावून आडवे पडले होते. ही हकीगत तो स्वतःच पंगतीत रंगवून सांगायचा.

"भिवा, तमाशा नको," शामराव म्हणाला. "खाली ठेव ते पैसे. बाई घेतील उचलून."

आनंदीबाईनं शामरावाकडे बघितलं. तिच्याकडे पहिला पाट त्याचा, सुरमईची मधली तुकडी त्याची. तीन महिन्यांची बाकीही त्याचीच. नवी गिऱ्हाइकं त्याच्या शब्दावर येतात म्हणून तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. दर पगाराला तो तिच्यासमोरून ताठ मानेनं जायचा आणि ती हसून म्हणायची, सावकाश द्या. ते 'सावकाश' आता तिच्या घशाशी आलं. दोन महिन्यांसाठी ती भिवाला चोर ठरवत होती, आणि तीन महिन्यांचा बाकीदार तिला पैसे कसे घ्यायचे ते शिकवत होता.

तिनं हात पुढे केला आणि भिवाच्या तळहातावरचे पैसे घेतले. ओरबाडल्यासारखे घेतले, त्याच्या तोंडाकडेही न बघता. त्याच्यावरचा राग काही गेला नव्हता. पैसे कमरेला खोचून, हात पदराला न पुसता, तोच हात तिनं शामरावापुढे पसरला.

"तुमचे तीन म्हयन्याचे रवलेत," ती म्हणाली. "ह्याच हातार ठेवा."

शामरावाचा हात केव्हाच खिशात गेला होता. तो काही बाहेर येईना.