दुधाची बाटली

चाकू हातातून निसटला, तेव्हा त्याला रागसुद्धा आला नाही. तो नुसता बघत राहिला. पातं एकदा चमकलं, खडकाच्या फटीत गेलं आणि दिसेनासं झालं.

भाल्याची दोरी त्याच्या घोट्याला दोन वेढे घालून कपारीत गेली होती. दुसऱ्या टोकाला मासा होता, चांगला दांडगा. भाला लागताच तो कपारीत घुसला आणि तिथेच आडवा अडकून बसला. त्याने दोरी ओढून पाहिली. वेढे आणखीच आवळले. डोक्यावर चार पुरुष पाणी होतं. पाण्यावर ऊन होतं, आणि उन्हात त्याच्या होडीचं पोट काळं दिसत होतं.

होडीत त्याची बायको बसली होती. आणि फळीखाली, जुन्या ताडपत्रीत गुंडाळून, त्याने हवेची बाटली ठेवली होती.

बाजारात त्याला सगळे कासव म्हणत. एका दमात तो इतरांच्या दुप्पट वेळ खाली राहायचा आणि त्याने मारलेला मासा हॉटेलवाले हातोहात उचलायचे. पण गेल्या वर्षी एकदा वर आल्या आल्या त्याची शुद्ध गेली. तेव्हा बायको स्वतः दुकानात जाऊन ही बाटली घेऊन आली. हातभर लांब, पिवळी, वर तोंडात धरायची नळी, आत अडचणीला पुरतील एवढे श्वास. ती शिवणकाम करायची. जुन्या रबरी सुटाचं कापड कापून तिने बाटलीला पट्ट्याची पिशवी शिवली. माप न घेता शिवली, तरी त्याच्या कमरेला ती अगदी चपखल बसली.

धक्क्यावरची माणसं हसली. "कासवाला दुधाची बाटली लागली," म्हणाली. ते त्याच्या मनाला फार लागलं. मग तो बाटली विसरायला लागला. कधी घरी ओट्याखाली, कधी होडीत फळीखाली. सुरुवातीला बायको भांडली, मग गप्प झाली. त्याला वाटलं, दमली बिचारी.

तिला पाण्याची पहिल्यापासून धास्ती. होडीत मधोमध बसायची, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून. शिंतोडा उडाला तरी डोळे मिटायची. तरी हल्ली रोज यायची. "घरी बस, मशीन चालव," तो म्हणायचा. "इथे वारा बरा लागतो," ती म्हणायची.

छातीतला जाळ आता विझला होता. श्वास घ्यावा असं वाटतच नव्हतं. सगळं अंग उबदार झालं होतं, सकाळी पांघरुणात होतं तसं. वरून उतरणारं ऊन हलत होतं, जणू कुणी पातळ कापड झटकून वाळत घालतंय. कुठूनतरी शिवणयंत्राचा आवाज येत होता. शेजारच्या खोलीतून यावा तसा, एका लयीत. त्याला वाटलं, जरा डोळा लागू द्यावा. उठल्यावर सोडवू दोरी.

मग त्याला दिसलं, की होडीजवळच्या तरंगत्या बोयाची तळापर्यंत सोडलेली दोरी धरून कुणीतरी खाली येतंय. एक हात, मग दुसरा हात. अंगातले कपडे फुगलेले, केस वर पसरलेले. चेहरा जवळ आला तेव्हा तो मनात हसला. स्वप्नात का होईना, ही पाण्यात उतरली.

ओठांत काहीतरी रबरी, कडवट घुसलं. थंड हवा छातीत शिरली आणि स्वप्न टरकन फाटलं. घोटा ठणकायला लागला. कानांत दडे बसले. ती खरीच होती. तिने बाटली आपल्या तोंडाला लावली, एक श्वास घेतला, पुन्हा त्याच्या तोंडात दिली. मग खाली वाकली. तिच्या हातात कापड बेतायची कात्री होती. जाड शिवण उसवावी तशी ती दोरी कापत राहिली. घाई नाही, चूक नाही.

पाय सुटताच त्याने सवयीने छाती भरून श्वास कोंडला आणि वर झेपावला. तिने त्याचा दंड पकडला. त्याच्या छातीवर तळवा थापटला आणि आपल्या तोंडातून बुडबुडे सोडून दाखवले. तेव्हा त्याला बाटली आणली त्या दिवशी तिने सांगितलेलं दुकानदाराचं बोलणं आठवलं. बाटलीतली हवा वर जाताना छातीत फुगते, ती सोडत यायचं, कोंडली तर फुप्फुस फाटतं. ते ऐकताना त्याने जांभई दिली होती. आता त्याने तोंड उघडलं. दोघं बुडबुड्यांच्या बरोबरीने, हळूहळू, उजेडाकडे चढत गेले.

वर वारा होता. दोघांनी होडीची कड धरली. तो खोकला, थुंकला, पुन्हा खोकला. एका हाताने कड धरून, पाय संथपणे मारत ती पाण्यात तरंगत होती. जन्म पाण्यात काढल्यासारखी. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"तुला पोहता कधीपासून येतं?" त्याने विचारलं.

तिने चेहऱ्यावरचे ओले केस मागे सारले.

"तुम्ही बाटली विसरायला लागलात तेव्हापासून," ती म्हणाली.