मूठभर कापूस

संस्थेच्या मूषकगृहात प्रत्येक रुग्णाच्या नावाने एक उंदीर पाळलेला असे. त्यात रुग्णाची जनुके घातलेली असत आणि औषध प्रथम त्यालाच मिळे. सकाळचे जेवण दुपारी न स्मरणाऱ्या शेवंताबाईंच्या उंदरिणीची पाहणी करण्यास त्यांचे पती, निवृत्त शिक्षक घोडके मास्तर, आले होते.

"हे हिरवे ठिपके बघा, मास्तर," पडद्याकडे बोट दाखवीत उंदरांची निगा राखणारा केरबा म्हणाला. "हिच्या मेंदूत नुकत्याच जन्मलेल्या चेतापेशी. औषध दिल्यावर ही नवी वाट एका दिवसात शिकली."

"मग संमतिपत्रावर सही करतो."

"थांबा. नव्या पेशी वाढल्या की जुनं आठवणीतून पुसलं जातं. जोडीच्या नराला हिनं ओळखलं नाही. चावायला धावली."

मास्तरांची लेखणी थबकली. "आणि आता?"

"पिंजरा धुतला तरी मी जुन्या घरट्यातला मूठभर कापूस नव्यात ठेवतो. वास राहिला की जनावर बिचकत नाही. नराचा कापूस हिच्याजवळ ठेवला. पाचव्या दिवशी त्याच्या कुशीत निजली."

मास्तरांनी सही केली.

औषधोपचारानंतर शेवंताबाईंनी सकाळी काय खाल्ले ते अचूक सांगितले, परिचारिकेस नावाने हाक मारली. पतीस पाहताच मात्र त्यांनी पदर सावरला.

"आपण कोणाकडे आलात?"

मास्तरांनी घरून आणलेली स्वतःची, न धुतलेली जुनी गोधडी त्यांच्या पायांवर हळुवार पसरली.

"तुमच्याचकडे," ते म्हणाले. "उद्याही येईन."