करमसिंगचा हट्ट

याही महिन्यात करमसिंग नाही म्हणाला, आणि सुकदेव पास्टरांनी कपाळाला हात लावला.

पिंपळनेरहून खड्ड्यांतून मोटारसायकल हाणत पाड्यावर यायचं आणि या माणसापुढे डोकं फोडायचं, असं सात महिने चाललं होतं. पास्टर देवमाणूस होते, पण देवमाणसाचंही डोकं दुखतं.

मागणं काही फार नव्हतं, धाकट्या भावाची माफी मागायची एवढंच. सहा वर्षांपूर्वी बांधावरून भांडण झालं, आणि धाकट्या भावाचा, लखनचा, खळ्यावरचा चारा रातोरात पेटला. त्यात त्याचा एक बैलही गेला. 'जाळी टाकसू' असं करमसिंग त्याच दिवशी चारचौघांत ओरडला होता. पोलीस आले तेव्हा त्याने स्वतःहून हात पुढे केले, धुळ्याच्या कोर्टात एका शब्दात कबूल केलं. दोन वर्षं आत काढली. तिथेच कुणाकडून तरी प्रभूचं ऐकलं आणि बाहेर आला तो दारू सोडूनच.

मग त्याने घरोघर फिरून माफी मागितली. एकाची कोंबडी चोरली होती, दुसऱ्याला शिव्या घातल्या होत्या. सगळ्यांपुढे हात जोडले. लखनपुढे तेवढे जोडले नाहीत.

आता चर्चच्या मंडळीचा नियम साधा. भावाशी वैर मिटवल्याशिवाय प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावाने वाटला जाणारा भाकरीचा तुकडा, मिळणार नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीची थाळी करमसिंगला ओलांडून पुढे जायची आणि तो मान खाली घालून बसायचा. लखनही याच मंडळीतला, चार हातांवर बसलेला. त्याचं म्हणणं एवढंच होतं, "ज्यानी करं त्यानी एक डाव तोंडे सांगाले पाहिजे. मी तठेच सोडी दिसू."

एकदा तोंडाने कबूल केलं की लखन तिथेच सोडून द्यायला तयार, याहून सोपं काय असतं? पण करमसिंगचं एकच पालुपद. "कोर्टमा बोलनू ते बोलनू, पास्टर. आठे मले बोलता येत नही."

कोर्टात येतं आणि देवाच्या घरात येत नाही! अहंकार, दुसरं काय, असं पास्टर घरी बायकोला चिडून सांगायचे.

त्यातल्या त्यात समाधान करमसिंगच्या बायकोचं, दिवालीबाईचं. सगळ्यांआधी येऊन ती प्रार्थनाघर झाडायची. दर रविवारी उठून सांगायची, मन हलकं व्हावं म्हणून प्रार्थना करा. असा नवरा पदरी पडल्यावर बिचारीने करायचं तरी काय, म्हणून बाया तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. नवऱ्याला समजाव, असं पास्टरांनी तिला कितीदा विनवलं होतं. ती नुसती रडायची.

आज मात्र पास्टरांचा धीर सुटला. पुढच्या महिन्यापर्यंत माफी मागितली नाही तर करमसिंगचं नाव मंडळीतून कमी होईल, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. करमसिंगने मान डोलवली. त्याने पास्टर आणखीच भडकले.

आवाजातला राग न लपवताच त्यांनी प्रार्थना केली आणि थाळी फिरवायला घेतली. लखनने तुकडा घेतला. करमसिंगला ओलांडून थाळी बायांकडे गेली. दिवालीबाईने आपला तुकडा उचलला, पण तोंडात घातला नाही. ती उठली, सतरंजी ओलांडून पुरुषांच्या बाजूला आली आणि तो तुकडा तिने नवऱ्याच्या हातावर ठेवला.

करमसिंग घाबरला. तिचा हात धरून तो हळूच म्हणाला, "नको वं. बस खाले."

पास्टरांना आता हद्द झाली असं वाटलं. नियम सगळ्यांना सारखा आहे, नवऱ्याच्या मायेपोटी तो मोडू नये, असं त्यांनी तिला खडसावलं.

दिवालीबाईने नवऱ्याचा हात सोडवला, पदर सावरला आणि ती लखनपुढे जाऊन उभी राहिली.

"यासनी काहीच करं नही, लखनभाऊ. ती काडी मी लायी व्हती."