ओली खापरं

हिंजवडीच्या ऑफिसात प्रोजेक्टचं रिलीज होतं, म्हणून सुदर्शन वडिलांच्या अंत्यविधीला गेलाच नाही. ट्रॅफिकमध्ये अडकल्याचं सांगून मोकळा झाला. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेला फेऱ्या चुलतभावाने मारल्या, मडकंही त्यानेच फोडलं.

तेराव्यानंतर रोज सकाळी सुदर्शनच्या लॅपटॉपच्या बॅगेत एक ओलं खापर निघू लागलं. सांगणार कुठल्या तोंडाने? गॅलरीत बसून तो ती गुपचूप जुळवत राहिला.

रविवारी दुपारी शेवटचं खापर बसलं, तेवढ्यात आई आली.

"हे काय रे?"

"खापरं आहेत, आई."

"खापरं फुटक्या मडक्याची असतात. हे तर भरलेलं आहे."

खरंच, काठोकाठ पाणी होतं.

आईने त्याच्या पाठीमागे पाहिलं आणि पदर सावरला.

"अहो," ती म्हणाली, "आज सुट्टी आहे त्याला."